परक्याचा तवा

यिंग शीफूला आमच्या कारखान्यात सगळे ‘हात लावू नको’ म्हणतात. तोंडावर नाही. तोंडावर शीफूच, कारण कसबी माणसाला आमच्याकडे तशीच हाक मारायची रीत आहे. पण त्याची पाठ वळली की, “‘हात लावू नको’ जेवायला गेला का रे?” हे नाव त्याने स्वतःच्या घशाने कमावलंय. गेली एकोणीस वर्षं दिवसातून चाळीस वेळा तरी तो हेच तीन शब्द ओरडतो.

त्याला कारण आहे. आमचा कारखाना तव्यांचा. ॲल्युमिनियमची चकती दाबून तवा होतो, त्याच्यावर वाळूचा मारा होतो आणि मग तो शीफूच्या खोलीत जातो. तिथे पोलादाच्या दोन तारा तोंडाला तोंड लावून पुढे सरकत असतात, त्यांच्यामध्ये वीज पेटते, तारा वितळतात आणि मागून येणारी जोरकस हवा त्या वितळलेल्या पोलादाचे थेंब तव्यावर फेकते. भिंतीवर चिखल फेकावा तसा थेंब आदळतो, चपटा होतो, धरून बसतो. अशा लाखो थेंबांची राखाडी, खरखरीत साल तव्यावर चढते. पुढे तवा माझ्याकडे येतो. माझ्याकडे काळा नॉनस्टिक लेप देऊन भट्टीत भाजायचं काम. लेप जात्याच मऊ. गुळगुळीत धातूवर तो पाहुण्यासारखा बसतो, निमित्त मिळालं की उठतो. शीफूच्या पोलादात मात्र तो मुळं धरतो. वरून कालथा खरवडला तर पोलादाचे उंचवटे मार खातात, आणि खळग्यांत दडलेला लेप जगतो.

पण वाळू मारलेल्या तव्याला उघडं बोट लागलं, की बोटाचं तेल तिथे राहतं. डोळ्यांना दिसत नाही. त्यावर पोलाद बसतं, लेप बसतो, तवा विकला जातो, आणि सहा महिन्यांनी कुठल्या तरी अनोळखी घरात नेमकी अंगठ्याएवढी खपली निघते. शीफू म्हणतो, माणूस मरतो, त्याचं बोट राहतं. हे तो इतक्या गंभीरपणे म्हणतो, की ऐकणारा आपला हात खिशात घालतो.

तो कुणाशी हात मिळवत नाही. मुलीच्या लग्नात त्याने पांढरे सुती हातमोजे घातले होते. फोटोत तो वधूपिता कमी आणि चौकातला वाहतूक पोलीस जास्त दिसतो. बायको मुलीकडे हांगचौला नातवाला सांभाळायला गेली आहे. तिला फोन करून तो नातवाची चौकशी करतो आणि शेवटी म्हणतो, “तेलकट हात लावू नको त्याला.”

त्याचा बाप कावड खांद्यावर टाकून फुटक्या कढया सांधत फिरायचा. आमच्या योंगखांग गावचे निम्मे बाप तसेच फिरले. एका पारड्यात भाता, दुसऱ्यात भट्टी, आणि वर्षातून एकदा घर. ती कावड शीफूच्या घरात अजून आढ्याला टांगलेली आहे. लोकांच्या कढया फुटत म्हणून हा मुलगा वाढला, आणि मोठा होऊन फुटणंच बंद करायच्या मागे लागला. एकदा मी त्याला हे म्हटलं, तर तो बराच वेळ कावडीकडे बघत राहिला आणि म्हणाला, “धूळ बसलीय. पण तू हात लावू नको.”

गेल्या पावसाळ्यानंतर आमच्याकडे छंग नावाचा नवा इंजिनियर आला. हुशार पोरगा, चष्मा, बोलणं गोड. तीन महिने सगळं बघितल्यावर त्याने मालकीणबाईंना सांगितलं, की शीफूच्या फवाऱ्याच्या खोलीची गरज नाही. वाळूचा मारा थोडा वाढवायचा, नव्या प्रकारचा लेप वापरायचा, झालं. खोली आवाज करते, धूळ करते, वीज खाते आणि एका माणसावर अवलंबून आहे.

“आणि तो माणूस?” मालकीणबाईंनी विचारलं.

“त्यांना फाटकावर बसवता येईल. येणाऱ्याजाणाऱ्याला अडवण्याचा सराव आहे त्यांना.”

हे शीफूच्या कानावर यायला अर्धा तास लागला. त्याने काही आरडाओरडा केला नाही. त्या दिवशी मात्र एका पोऱ्याने त्याच्या समोर वाळू मारलेला तवा उघड्या हाताने उचलला, तर तो नुसता बघत राहिला. पोऱ्याच घाबरला. पळत माझ्याकडे आला, “काका, शीफू ओरडले नाहीत. डॉक्टरला बोलवू का?”

मालकीणबाई हू म्हणजे शीफूच्या बापाबरोबर कावड घेऊन हिंडलेल्या माणसाची मुलगी. तिने दोन्ही तऱ्हेचे तवे घासण्याच्या यंत्राखाली लावले. यंत्राचा हात तारेची घासणी घेऊन पुढेमागे, पुढेमागे दहा हजार वेळा गेला. शीफूचा तवा थोडा बरा निघाला, पण छंगचाही काही वाईट नव्हता. छंग म्हणाला, एवढ्याशा फरकासाठी अख्खी खोली?

मालकीणबाईंनी दोन्ही तवे उजेडात धरून पाहिले. “यंत्र शहाण्यासारखं घासतं,” ती म्हणाली. “एकाच रेघेत, एकाच जोराने. बायका अशा घासतात होय? मला सांगा, आपल्या भागात तव्याची सगळ्यात लवकर वाट कोण लावतं?”

सगळ्यांनी शीफूकडे पाहिलं. शीफूने खाली पाहिलं.

“माझी आई,” तो म्हणाला.

म्हातारी त्र्याऐंशीची आहे. मुलगा नॉनस्टिकच्या कारखान्यात लागल्यापासून तिने अकरा तवे मारले. ती पोलादी कालथ्यानेच परतते, आणि परतून झालं की कालथा तव्याच्या कडेवर तीनदा ठणाठणा आपटते. तव्यात खेकड्याच्या नांग्या फोडते. कडकडीत तापलेला तवा गार पाण्याच्या हौदात बुचकळते आणि चर्रर्र आवाज आला की समाधानाने मान हलवते. आणि दर दोन-तीन दिवसांनी तो अंगणात पालथा घालून फावड्याच्या पात्याने बुडाची काजळी खरवडते, जशी तिच्या सासूने लोखंडी कढईची खरवडली, जशी सासूच्या सासूने. बूड झालं की तवा सुलटा करते आणि हात लागलाच आहे तर आतूनही दोन फिरवते. लाकडाच्या चुलीवर रांधणाऱ्या बाईला कुठला तवा बुडाकडून खरवडायचा आणि कुठला नाही, हे सांगणारा अजून जन्मला नाही. शीफूने सांगून पाहिलं होतं. ती म्हणाली होती, “तुझ्या बापाने सांधलेल्या कढया मी अशाच खरवडल्या. त्याने कधी तक्रार केली नाही.”

“तो घरी कुठे असायचा?” शीफू म्हणाला होता.

तर ठरलं असं. दोन तवे, बाहेरून सारखे, बुडावर एक आणि दोन असे आकडे ठोकलेले. एकाखाली पोलादाची साल, एकाखाली नाही. म्हातारीने चांद्र वर्षाच्या बाराव्या महिन्याच्या तेविसाव्या दिवसापर्यंत दोन्ही रोज वापरायचे. कुठला कुणाचा हे तिला कळता कामा नये. शीफूने चुलीपाशी पाऊल टाकायचं नाही. त्याचा तवा आधी गेला, तर नव्या वर्षापासून खोली बंद, आणि शीफू फाटकावर.

तवे मीच नेऊन दिले, कारण मी त्यांच्यापासून तिसऱ्या घरात राहतो. म्हातारी दारात मोहरीचा पाला वाळत घालत होती.

“काय रे भट्टीवाल्या, फुकट?”

“फुकट नाही आजी. परीक्षा आहे. दोन्ही रोज वापरायचे, नेहमीसारखे.”

“कुणाची परीक्षा? माझी?”

“तव्यांची. आणि...” मी गप्प बसायला हवं होतं. “आणि शीफूच्या खोलीची. एक तवा त्याचा आहे. कुठला ते सांगायचं नाही. आधी खराब होईल त्याची हार.”

म्हातारीने हात कमरेच्या फडक्याला पुसले. एकेका तव्यात तळहात फिरवला, सावकाश, तान्ह्याच्या टाळूवरून फिरवावा तसा. मग हसली. मला वाटलं, फुकट मिळाले म्हणून हसली.

त्या संध्याकाळी जेवताना तिने मुलाला विचारलं म्हणे, “आमू, कुठला तुझा?”

“सांगता येत नाही.”

“आईला?”

“आईलाच नाही.”

“मी काय कारखान्यात जाऊन चहाडी करणारे? नुसती मान हलव. एकला हलव, नाहीतर दोनला.”

शीफूने मान इतकी ताठ धरली की दुसऱ्या दिवशी मानेला लेप लावावा लागला.

पुढचे पंचवीस दिवस रोज सकाळी मला फावड्याचा आवाज येत राहिला. खर्र, खर्र, खर्र. रोज. एरवी दोन-तीन दिवसांनी खरवडणारी बाई आता देवपूजेसारखं खरवडत होती. शीफू कामावर निघताना तो आवाज ऐकून दारात थबकायचा. त्याचा चेहरा मी पाहिलेला आहे. बंद दाराआड आपल्या लेकराला मास्तर मारतोय आणि आत जाता येत नाही, तसा.

बाराव्या महिन्याच्या तेविसाव्या दिवशी मालकीणबाई, छंग आणि मी म्हातारीच्या घरी गेलो. शीफू आमच्या मागे, हातमोजे घालून. त्या दिवशी घरोघरी चुलीचा देव स्वर्गात जातो आणि वर्षभर या घरात काय घडलं ते वर सांगतो. चुलीवर त्याचं चित्र चिकटवलेलं होतं आणि म्हातारीने सकाळीच त्याच्या ओठांना माल्टची चिकट साखर फासली होती, म्हणजे वर जाऊन तो गोड तेवढंच बोलेल.

दोन तवे टेबलावर मांडलेले होते. एक नंबरचा तवा युद्धातून आल्यासारखा दिसत होता. कडा ठेचलेल्या, बूड खरवडून पांढरं, आत रेघांवर रेघा. दोन नंबरचा चकाकत होता. त्यात मालकीणबाईचा चेहरा दिसला, छंगचा चष्मा दिसला.

छंगला मनातून आनंद झाला, पण तो सभ्य होता. चष्मा पुसत राहिला.

“आजी,” मालकीणबाई म्हणाली, “दोन्ही रोज वापरलेत?”

“रोज! हा सकाळी, तो संध्याकाळी. आछिन, तुला लहानपणापासून ओळखते मी, तुझ्याशी खोटं बोलेन?” मालकीणबाईला ती अजून लहानपणच्या नावानेच हाक मारते. “दोघांना सारखाच मार दिला. सारखीच आच. हा बघ, चुलीचा देव समोर आहे, त्याची शपथ घेते.” आणि तिने खरंच चित्राकडे हात करून शपथ घेतली.

मालकीणबाईने दोन नंबरचा उचलून तिरपा धरला. शीफू खाली लहान स्टुलावर बसला होता. मी त्याच्याकडेच बघत होतो म्हणून मला दिसलं. त्याची नजर तव्याच्या बुडावर गेली आणि तिथेच अडकली. मग त्याने आईकडे पाहिलं, देवाकडे पाहिलं, आणि डोळे मिटून घेतले.

“शीफू, काही म्हणायचंय?” मालकीणबाईने विचारलं.

“नाही.”

“तवा तुझ्यासमोर आहे. नीट बघ.”

“बघितला,” तो म्हणाला. “फाटकावर स्टोव्ह आहे का? पाय गारठतात माझे.”

मालकीणबाईने तवा छंगच्या हातात दिला. मग उसासा टाकला. “ठीक आहे. नव्या वर्षापासून खोली बंद.”

म्हातारी आनंदाने एकीकडून दुसरीकडे बघत होती. “म्हणजे? माझा आमू जिंकला ना? हा चकचकीत त्याचाच ना?”

“नाही आजी. चकचकीत यांचा,” मालकीणबाईने छंगकडे बोट केलं. “तुमच्या मुलाचा तो ठेचलेला.”



“हा?” म्हातारीने एक नंबर उचलला. “हा खरबरीत? हाताला बेडकाच्या पाठीसारखा लागतो तो? माझा मुलगा असलं काम करेल? त्याचे लहानपणापासून खिसेसुद्धा इस्त्रीचे!”

“खरबरीत असतो म्हणूनच तर टिकतो, आई,” शीफू हळूच म्हणाला.

“मग मी खोटं बोलले,” म्हातारी म्हणाली.

“काय?”

“खोटं बोलले. तो दुसरा मी वापरलाच नाही. पहिल्या दिवशी गोधडीत गुंडाळून पेटीत ठेवला, आज सकाळी काढला.”

छंग पहिल्यांदाच बोलला. “आजी, असं नसतं करायचं. आता मुलाचा कळला म्हणून तुम्ही जबानी फिरवताय. आत्ताच म्हणालात, दोघांना सारखीच आच दिली.”

“आच दिली ना. मंद दिली.”

“किती मंद?”

“पेटवलीच नाही! चष्मा कशाला लावतोस रे तू? बूड बघ की!” तिने त्याच्या हातातला तवा हिसकला आणि पालथा घातला. बुडावर आमच्या कारखान्याची गोल कागदी चिठ्ठी होती, जी पहिल्याच स्वयंपाकात जळून जाते. पांढरी शुभ्र. कडेला पिवळीसुद्धा पडली नव्हती. तिच्यावर छापलेलं होतं: मंद आचेवर वापरा.

मालकीणबाई खुर्चीवर बसली. आधी तिचे खांदे हलले, मग टेबल हललं. छंग लाल झाला आणि मग, हे त्याच्याबद्दल सांगायला हवं, तोही हसला.

म्हातारी हसली नाही. तिला आत्ता कळत होतं. तिने एक नंबरच्या ठेचलेल्या कडेवरून अंगठा फिरवला. “महिनाभर,” ती म्हणाली. “मला वाटलं हा शत्रूचा. याला सांजसकाळ बदडला. याच्यात खेकडे फोडले. खेकडे संपले तर नुसत्या नांग्या आणून फोडल्या. आमू, तुला दिसलं होतं ना? चिठ्ठी दिसली होती ना तुला?”

“दिसली.”

“मग गप्प का बसलास, मेल्या?”

“तू शपथ घेतली होतीस.”

“अरे, घेतली तर घेतली! देवाच्या तोंडाला साखर फासलीय सकाळी, दात चिकटलेत त्याचे. तो काय बोलणारे?” आणि ती बाहीने डोळे पुसायला लागली. पुसता पुसता दुसऱ्या हाताने शीफूच्या पाठीत एक धपाटा घातला, तो मात्र चांगला जोरात होता.

मग मालकीणबाईने एक नंबरचा तवा चुलीवर ठेवला आणि त्यात एक अंडं फोडलं, तेल न घालता. रेघांवर रेघा असलेल्या त्या तव्यात अंडं थोडं थबकलं, कड पांढरी झाली, आणि तवा तिरका करताच ते घसरून ताटलीत आलं. आम्ही सगळे ते अंडं असं बघत होतो की जणू ते काही बोलणार आहे.

“एवढ्याने सिद्ध होत नाही,” छंग म्हणाला. प्रामाणिक माणूस आहे. “माझ्या तव्याने मार खाल्लाच नाही अजून.”

“खाईल,” मालकीणबाई म्हणाली. “आजी, हा दोन नंबर तुमच्याकडेच ठेवा. आता कळलंय ना, परक्याचा आहे?”

म्हातारीने बाह्या वर केल्या.

महिनाभराचा हिशेब तिने चार दिवसांत चुकता केला. तिसऱ्या घरात मला भिंतीला कान लावायची गरज पडली नाही. पाचव्या दिवशी तिने आम्हा सर्वांना मांसपोळ्या खायला बोलावलं. डुकराचं मांस आणि वाळवलेली मोहरीची भाजी भरून लाटलेल्या, दोन नंबरच्या तव्यावर भाजलेल्या. पहिली तव्याला अशी चिकटली की सोडवताना तिचे तीन तुकडे झाले. दुसरी छंगच्या ताटात आली. त्याने घास घेतला, चावता चावता थांबला, आणि दाताला लागलेली काळी खपली बोटावर घेऊन खिडकीच्या उजेडात बराच वेळ बघत बसला. खपलीची मागची बाजू आरशासारखी गुळगुळीत होती. कशालाच धरून न बसलेली.

“चव कशी आहे?” म्हातारीने विचारलं.

“कळलं आजी,” तो म्हणाला. “खोली राहू दे.”

खोली राहिली. नव्या वर्षाच्या सुट्टीनंतर पहिल्याच सकाळी दोन तारांमध्ये वीज पेटली, आणि दहा मिनिटांत सगळ्या आवारात ऐकू आलं, “हात लावू नको!” पोऱ्याने माझ्याकडे बघून सुटकेचा निःश्वास टाकला. छंग आता रोज तासभर त्या खोलीत उभा असतो, कानांवर टोप्या, हातात मोजे. शीफू त्याला तव्यापासून फवाऱ्याची बंदूक किती लांब धरायची ते दाखवतो, म्हणजे त्याचं मनगट दोन बोटांनी, कापडातून, धरतो.

पण त्याची खरी अडचण पुढेच सुरू झाली. मालकीणबाईंनी ठरवलं, की यापुढे प्रत्येक नव्या तऱ्हेचा तवा बाजारात जाण्याआधी म्हातारीच्या चुलीवर महिनाभर राहील. यंत्र आहे, ते आपलं काम करेल. शेवटचा शब्द म्हातारीचा. आणि म्हातारीला मुलाच्या तव्यावर हात उचलवत नाही. एक नंबर तिने धुऊन, पुसून, देवाच्या चित्राशेजारी खिळ्याला टांगलाय. त्यात ती काही रांधत नाही. आलेल्यागेलेल्याला दाखवते, “हा माझ्या आमूचा. बघा, कसा खरबरीत आहे!”

म्हणून दर महिन्याला शीफू स्वतःच्या हाताने पोलाद चढवलेला तवा वर्तमानपत्रात गुंडाळून घरी नेतो आणि चुलीपासून चार पावलं दूर उभा राहतो. म्हातारी तळहात फिरवते. आता तिला खरबरीत म्हणजे काय ते कळतं, म्हणून ती त्याच्याकडे संशयाने बघते.

“आमू, हा तुझा दिसतो.”

“नाही आई.”

“खरबरीत आहे.”

“हल्ली सगळेच खरबरीत करतात. चांचौकडच्या कुणाचा तरी आहे. ओळखत नाही मी.”

एकोणीस वर्षांत ज्याने तव्यावर एक बोट उमटू दिलं नाही, तो हे बोलताना हातमोज्यातली बोटं आवळून धरतो. मी पाहिलंय. मग तो वळतो आणि मागून आवाज येईपर्यंत अंगणात थांबतो. फावडं भिंतीवरून उचलल्याचा, पातं दगडावर घासल्याचा. खर्र, खर्र, खर्र. त्या आवाजाकडे पाठ करून तो कारखान्याची वाट धरतो, आणि वळणापर्यंत त्याची चाल हळूहळू हलकी होत जाते.